पोस्टग्रेस : नवीन टेबल आलं की मुनीमजींना 'परमिशन डिनाइड', मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

नागपूरच्या कळमना मार्केटातल्या एका अडत्याकडचं संत्र्याच्या आवक-पट्टीचं सॉफ्टवेअर सांभाळतो. डेटाबेस पोस्टग्रेस १६ आहे. रोल (परवानग्यांची खाती) तीन : 'मालक' (मायग्रेशन, म्हणजे टेबलं बनवायच्या-बदलायच्या स्क्रिप्ट, हाच चालवतो, टेबलं याच्याच नावावर), 'काटा' (वजनकाट्यावरची पोरं, फक्त इन्सर्ट, म्हणजे नवी नोंद टाकणं) आणि 'हिशेब' (नुसतं सिलेक्ट, म्हणजे वाचणं). 'हिशेब'ला लॉगिन नाही. मुनीमजींची लॉगिनं वेगळी, त्यांना हा रोल ग्रँट केलाय.

दर बहाराला, म्हणजे आंबिया आणि मृग या संत्र्याच्या दोन्ही हंगामांना, नवीन टेबल बनतं. आंबियाचं बरोबर दिसतं. फेब्रुवारी-मार्चात मृगाची आवक सुरू झाली की मुनीमजींचा फोन येतोच : 'परमिशन डिनाइड फॉर टेबल'. 'ग्रँट सिलेक्ट ऑन ऑल टेबल्स इन स्कीमा' (स्कीमा म्हणजे टेबलांचा गट, त्यातली सगळी टेबलं वाचायची परवानगी) परत मारलं की चालू. म्हणून सुपरयुजरनं (ज्याला सगळ्या परवानग्या असतात) आत जाऊन 'ऑल्टर डीफॉल्ट प्रिव्हिलेजेस' (पुढच्या टेबलांना आपोआप परवानगी देणारं कमांड) हेही देऊन ठेवलं. एरर नाही, फरकही नाही. स्कीमावर युसेज (वापरायची परवानगी) आहे. काय होऊन राहिलं समजत नाही.

ऑफिसात एक जण म्हणतो, मुनीमजींना सुपरयुजरच करून टाक. उद्या पट्टीतला भाव बदलला तर शेतकऱ्याला तोंड कोण देणार?

प्रतिसाद :
भाऊ, पीएसक्यूएलमध्ये (पोस्टग्रेसच्या कमांड लाइनवर) बॅकस्लॅश डीडीपी मारा, डीफॉल्ट प्रिव्हिलेजची यादी येईल, आणि ओनरचा कॉलम बघा. तिथं सुपरयुजरचं नाव असणार. डीफॉल्ट प्रिव्हिलेज लागू होतं ते टेबल बनवणाऱ्या रोलपुरतं, आणि तुमची टेबलं बनवतो 'मालक'. तेच कमांड 'फॉर रोल मालक' लावून द्या. बनून बसलेल्या टेबलांना ते लागत नाही, तिथं तुमचं जुनं ग्रँट शेवटचं एकदा.

प्रतिसाद :
एवढी झंझट कशाला? पोस्टग्रेस १४ पासून 'पीजी रीड ऑल डेटा' हा सगळं वाचायचा रोल तयारच आहे की.

प्रतिसाद :
आहे, पण तो सगळ्या स्कीमा वाचतो. त्याच डेटाबेसमध्ये पगाराचं टेबल असेल तर तेही उघडं पडेल.

धागाकर्ता :
पगाराचं आहेच, त्यामुळे ते बाद. डीडीपीत खरंच सुपरयुजर होता! 'फॉर रोल' लावून टेस्टचं टेबल बनवलं, मुनीमजींना लगेच दिसलं. 'काटा'चे ग्रँट मायग्रेशनमध्ये हातानं लिहायचो, तेही असंच डीफॉल्टमध्ये आणलं. आता इन्सर्टला 'परमिशन डिनाइड फॉर सीक्वेन्स' येतंय.

प्रतिसाद :
आयडी सिरियल (आपोआप वाढणारा नंबर) असेल. त्याला नंबर देणाऱ्या सीक्वेन्सवर वेगळं युसेज लागतं, डीफॉल्टमध्ये 'ऑन सीक्वेन्सेस'ची ओळ पण टाका. पुढच्या बहारापासून आयडेंटिटी कॉलम (तोही नंबर आपोआप देतो) घ्या, त्याला ते मागावं लागत नाही.