मदत हवी आहे : १९६९ च्या गांधी प्रूफ संचावर हिरवट थर

नमस्कार मंडळी. मामांनी मला मुंबई टांकसाळीचा गांधी जन्मशताब्दीचा प्रूफ संच (संग्राहकांसाठी खास पाडलेली, आरशासारखी चकचकीत नाणी) दिलाय. दहा रुपयांचं नाणं (१५ ग्रॅम, ८० टक्के चांदी) थोडं काळवंडलंय, त्याची चिंता नाही. तो रंग मला आवडतोच. पण पन्नास पैशांवर चिकट, हिरवट थर आलाय. बहुधा जुन्या पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटामुळे.

सोनार म्हणाले, पॉलिश करून देतो. मी ठाम नकार दिला. प्रूफची आरशासारखी पार्श्वभूमी एकदा घासली की गेलीच!

शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये न घासता बुडवून ठेवलं तर चालेल का? कुणी प्रूफवर केलंय? आणि पुण्यात, शक्यतो पेठांमध्ये, पीव्हीसी नसलेल्या कॅप्सूल (एकेक नाणं ठेवायच्या पारदर्शक डब्या) कुठे मिळतील? मूळ पेटी मात्र मोडायची नाहीये.