मदत हवी आहे: कॉलरच्या डेटावर आरएसएफ (प्राणी कुठली जागा पसंत करतो ते सांगणारं मॉडेल) चालवलं, सगळंच सिग्निफिकंट येतंय

नमस्कार मंडळी, दोन दिवस डोकं आपटून झालं, आता विचारतोच. 7 लांडग्यांचा जीपीएस कॉलरचा डेटा आहे, दर तासाला एक फिक्स (जागेची एक नोंद), सहा महिन्यांचे मिळून 30 हजारांच्या आसपास. प्रत्येकाची होमरेंज (नेहमीच्या वावराचं क्षेत्र) काढली, तिच्यात रँडम पॉइंट टाकले, फिक्स म्हणजे 1 आणि रँडम म्हणजे 0 धरून साधं लॉजिस्टिक रिग्रेशन केलं. व्हेरिएबल चारच: रस्त्यापासून अंतर, पाण्यापासून अंतर, उतार, झाडोरा. चौघांचीही पी व्हॅल्यू (परिणाम नसतानाही योगायोगाने असं दिसण्याची शक्यता) जवळजवळ शून्य! आधी खूष झालो, मग सहज म्हणून एक लांडगा काढून परत चालवलं तर रस्त्याच्या कोएफिशियंटचं (परिणामाची दिशा आणि जोर सांगणारा आकडा) चिन्हच उलटलं, म्हणजे काल रस्त्याला चिकटलेले आज रस्ता टाळणारे. वर रँडम पॉइंट दुप्पट केले की प्रॉबॅबिलिटीचा नकाशा अख्खा फिका पडतो. दिवसाला एकच फिक्स ठेवू का? की आरएसएफ सोडून एसएसएफ (एकेका टप्प्याची निवड बघणारं मॉडेल) करू?

प्रतिसाद:
नकाशाचं टेन्शन सोड. रँडम पॉइंट म्हणजे 'इथे लांडगा नव्हता' असं नाही, तिथे काय उपलब्ध होतं एवढंच. 0 किती टाकायचे ते तूच ठरवलंस, इंटरसेप्ट (मॉडेलमधला स्थिर आकडा) तेच सांगतोय. तो वगळून सापेक्ष पसंतीचा नकाशा काढ, त्याला प्रॉबॅबिलिटी म्हणू नकोस. पॉइंट मात्र कोएफिशियंट हलायचे थांबेपर्यंत वाढव.

खरी गोची वेगळीच आहे. तुझं सँपल 7 आहे रे, 30 हजार नाही. दुपारभर एका झुडपाखाली झोपलेला लांडगा 5 फिक्स देतो आणि मॉडेल ते 5 वेगळे निर्णय समजतं. प्रत्येक प्राण्याला रँडम स्लोप दे, म्हणजे रस्ता, पाणी वगैरेंचा परिणाम प्रत्येकासाठी वेगळा असू दे; नुसत्या रँडम इंटरसेप्टने (प्रत्येकाचा फक्त स्थिर आकडा वेगळा) भागत नाही. मॉडेल तपासतानाही फिक्स रँडमली वाटू नकोस, अख्खा प्राणी बाहेर ठेव.

दुसरा प्रतिसाद:
वरच्याशी सहमत, फिक्स फेकून देण्यापेक्षा हे बरं. एसएसएफचा प्रश्नच वेगळा आहे, तासाभरात जिथे पोचता आलं असतं त्यातलं काय निवडलं, एवढंच ते बघतं. पण रस्त्यासाठी आधी दिवस-रात्र वेगळं करून बघ, रात्री मोकळ्या रस्त्याने चालणारा लांडगा दिवसा त्याच रस्त्यापासून लांब राहू शकतो, सरासरी काढलीस की दोन्ही गायब.

धागाकर्ता:
बाबांनो, धन्यवाद! रात्रीचं इंटरअ‍ॅक्शन टाकलं (म्हणजे रस्त्याचा परिणाम दिवसा आणि रात्री वेगळा मोजला), 6 जण रात्री रस्त्याजवळ, दिवसा लांब. सातवा दिवसाही रस्त्यालगतच, चिन्ह फिरवणारा हाच. स्टँडर्ड एरर (अंदाजातली अनिश्चितता) भरपूर फुगले, उताराचा तर परिणामच गेला. आता मॉडेल कन्व्हर्ज होत नाहीये (एका उत्तरावर स्थिरावत नाहीये), 7 प्राण्यांवर चार रँडम स्लोप जास्त होतात का?

प्रतिसाद:
होतात. रस्ता आणि झाडोरा ठेव, स्लोपमधलं कोरिलेशन काढून टाक. व्हेरिएबल स्केल केलेस ना, म्हणजे सगळे एका मापात आणलेस ना?

धागाकर्ता:
…नाही. अंतरं मीटरमध्येच आहेत. आलोच.