मदत हवी आहे: एक्सपीवर साऊंडचा ड्रायव्हर बसला, तरी कॉम्प्युटरच्या मागच्या जॅकमधून आवाज नाही

विंडोज एक्सपी एसपी३, मदरबोर्डवरचाच एसी ९७ साऊंड (इंटेलचा आयसीएच४ चिपसेट; हार्डवेअर आयडीत ८०८६, २४सी५). आधी डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं प्रश्नचिन्ह, कोड २८ (ड्रायव्हर नाही) होता. ड्रायव्हर टाकल्यावर गेला. बायोसमध्ये ऑडिओ ऑटो, म्यूट काढलेला, विंडोज ऑडिओ सर्व्हिस चालू. हेडफोन पुढच्या जॅकवर वाजतो, मागचा हिरवा मात्र मुका. म्हणजे दोष ड्रायव्हरचा नसावा.

संशय फ्रंट ऑडिओ हेडरवर (मदरबोर्डवरच्या पिना, जिथे पुढच्या जॅकची वायर लागते). पिन ५-६ आणि ९-१० वरचे जंपर (दोन पिना जोडणाऱ्या छोट्या टोप्या) काढून कॅबिनेटची वायर लावली आहे, पण तिला ६ आणि १० च्या परतीच्या तारा (पुढच्या जॅकवरून आवाज मागच्या जॅककडे परत नेणाऱ्या) दिसत नाहीत. जंपर परत लावले तर पुढचा जॅक सोडावा लागतो. दोन्ही चालू ठेवायचे तर ५-६, ९-१० वायरमध्येच जोडले तर चालतील का? मग पुढे हेडफोन लावल्यावर मागचे स्पीकर बंद होणार नाहीत, ते चालेल. कोणी केलंय?