मालदीव: आई-बाबांसाठी बेट कसं निवडावं?

मृद्गंध:
फेब्रुवारीत आई-बाबांच्या लग्नाला 40 वर्षं होतील. आयुष्यभर दोघांनी आमच्यासाठीच खर्च केला. त्यांना मालदीवला, तेही अगदी ऐषआरामात पाठवायचं आम्ही भावंडांनी ठरवलंय. आईला पोहता येत नाही, पण रंगीत मासे बघायची फार हौस. बाबांचे गुडघे दुखतात. फोटो बघून सगळी बेटं सारखीच वाटायला लागलीत. पाण्यावरचा व्हिला घ्यावा का? आणि बेटावर जायला सी-प्लेन (पाण्यावर उतरणारं छोटं विमान) की स्पीडबोट?

खारवा:
आधी बेट ठरवा, व्हिला मागाहून. सॅटेलाइट नकाशा उघडा. गडद निळं पाणी किनाऱ्याला खेटून असेल, तर प्रवाळाचा कडा जवळ आहे: मासे भरपूर, पण पाणी लगेच खोल. फिकट निळा पट्टा रुंद असेल, तर लगून, म्हणजे प्रवाळाच्या आडोशातलं उथळ पाणी: शांत, मासे बेताचे. तुम्हाला दोन्ही हवंय, म्हणजे एका बाजूला लगून आणि धक्क्याच्या टोकाशी कडा असं बेट शोधा. अशा धक्क्यावरून शार्कची पिल्लं, पाकट, पोपटमासे नुसते उभ्याउभ्या दिसतात. आईंना पाय ओला न करता तासन्‌तास बघता येईल, याहून मोठी चैन नाही!

पाण्यावरच्या व्हिलातून समुद्रात उतरायला बहुधा उभी शिडी असते. बाबांसाठी वाळूवरचाच व्हिला घ्या.

सी-प्लेनमधून दिसणारी प्रवाळाची कंकणं खरंच अप्रतिम. पण ते फक्त उजेडात उडतं. भारतातून येणारं विमान संध्याकाळी पोचणार असेल तर ती रात्र राजधानी मालेजवळच काढावी लागते. चारच रात्री असतील तर उत्तर किंवा दक्षिण माले अ‍ॅटॉलमधलं बेट बघा (अ‍ॅटॉल म्हणजे प्रवाळाच्या कंकणातली बेटं), तिथे स्पीडबोट जाते. फेब्रुवारीत समुद्र बहुतेक शांत असतो.

सोनचाफा:
बा अ‍ॅटॉलला नेलं तर? हनिफारू बेमध्ये मांटा रे (अवाढव्य पाकट) दिसतात म्हणे.

खारवा:
दिसतात, पण मुख्यतः जून ते नोव्हेंबर, नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत. तेव्हा प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) त्या खाडीत गोळा होतं आणि मांटा ते खायला येतात. फेब्रुवारीत त्यासाठी एवढा प्रवास नको.

हिशेबनीस:
दराशेजारी ++ असेल तर त्यावर 10 टक्के सेवाशुल्क आणि मग 17 टक्के जीएसटी लागतो. म्हणजे 100 डॉलरचे जवळजवळ 129. शिवाय रिसॉर्टवर माणशी दर रात्री 12 डॉलर हरित कर. रिसॉर्टची बोट किंवा सी-प्लेनही बहुतेकदा वेगळं आकारतात. ‘सगळं धरून अंतिम रक्कम किती?’ हे ईमेलवर लेखी मागा.

भारतीय पासपोर्टवर पर्यटक व्हिसा तिथे पोचल्यावर मोफत मिळतो, पण प्रवासाआधीच्या 96 तासांत इमुगा या मालदीवच्या सरकारी संकेतस्थळावरचा ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो. आई देवाची मूर्ती बरोबर घेत असतील तर आधीच सांगून ठेवा: पूजेच्या मूर्ती आणि दारू तिथे नेता येत नाहीत.

मृद्गंध:
मूर्तीचं बरं सांगितलंत, आईच्या पर्समध्ये बाळकृष्ण कायम असतो. उत्तर माले अ‍ॅटॉलमधली तीन बेटं नकाशावर निवडलीत. धक्का कड्याजवळ आहे का आणि खोलीपर्यंत बग्गी येते का, हे तिन्ही रिसॉर्टना आजच विचारते.