मदत हवी आहे: खारघरमध्ये पेशंटसोबत राहायला किचन असलेली खोली, आणि हॉटेलने अडकवलेलं डिपॉझिट

नमस्कार मंडळी,

बाबांच्या जिभेच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि आता खारघरला टाटा हॉस्पिटलच्या ॲक्ट्रेक केंद्रात रेडिएशन चालू आहे. सोमवार ते शुक्रवार, रोज. मशीनवर काही मिनिटंच लागतात, पण नंबर लागेपर्यंत अर्धा दिवस जातो. आम्ही चिपळूणचे. मावसभाऊ डोंबिवलीला राहतो, त्याचं घर आमच्यासाठी कायम उघडं आहे, पण कल्याण-शीळ रस्त्याच्या गर्दीतून बाबांना रोज आणणं-नेणं जमेना. म्हणून खारघरमध्ये एक स्टुडिओ हॉटेल घेतलं. तिथून आता बाहेर पडलोय. सध्या ओळखीच्यांच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये आहोत, पण तो महिनाअखेरपर्यंतच मिळालाय आणि रेडिएशन अजून निम्मं बाकी आहे. पुढचे दिवस कुठे राहता येईल आणि हॉटेलकडून पैसे कसे सोडवायचे, या दोन्हींसाठी मदत हवी आहे.

हॉटेलचं नाव देत नाही, कारण बोलणी अजून चालू आहेत. अनुभव मात्र जसा आला तसा सांगते. अशी सोय शोधणाऱ्या कुणाला तरी त्याचा उपयोग होईल.

जाहिरातीत रिसॉर्टसारखा परिसर, पूल, लॉन, जिम आणि प्रत्येक स्टुडिओत किचन असं सगळं होतं. आम्हाला त्यातलं फक्त किचन हवं होतं. बाबांना नाकातून नळी घातली आहे. तोंड आतून सोललंय, साधं पाणी गिळताना डोळ्यांत पाणी येतं. त्यामुळे दिवसभर थोड्या थोड्या वेळाने नळीतूनच पातळ अन्न द्यायचं: मुगाचं कढण, नाचणीचं सत्त्व, भाताची पेज, दूध. सगळं मिक्सरमधून बारीक करायचं, गाळणीने गाळायचं आणि मग पुन्हा मलमलच्या फडक्यातून काढायचं. एवढं करून एखादा कण राहिलाच तर नळी तुंबते. मग सिरिंजने कोमट पाणी हळूहळू सोडत बसायचं, आणि तरीही सुटली नाही तर हॉस्पिटलमध्ये जाऊन नळी बदलायची. ती बदलताना बाबांनी माझं मनगट ज्या जोराने धरलं होतं, त्यानंतर गाळण्याच्या बाबतीत मी कुणाचंच ऐकत नाही.

आधी चांगलं सांगते. खोली मोठी, उजेडाची, अगदी स्वच्छ. बाल्कनीसमोर खारघरचे डोंगर. बाथरूममध्ये धरायला दांडा होता, घसरायची भीती नव्हती. नाकात नळी असली की रस्त्यावरचे लोक वळून वळून बघतात, म्हणून बाबा बाहेर पडायलाच तयार नसायचे. इथल्या लॉनभोवतीच्या पायवाटेवर ते रोज संध्याकाळी फेऱ्या मारायला लागले. बागकाम करणारे एक दादा राजापूरकडचे निघाले. ते आंब्याच्या कलमांबद्दल विचारायचे आणि बाबा खिशातल्या वहीत लिहून उत्तर द्यायचे: मोहोर कधी धरला, फवारणी कोणती केली. ऑपरेशननंतर बाबा इतक्या मनापासून कुणाशी बोललेले मी पाहिले नव्हते. सफाईच्या मावशीही फार मायेच्या. न सांगता जास्तीच्या उशा आणून द्यायच्या, कारण नळीतून देताना आणि दिल्यावरही डोकं उंच ठेवावं लागतं. ही माणसं त्या जागेची खरी श्रीमंती होती आणि त्यांच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

तक्रार किचनची. ओटा, सिंक आणि इंडक्शन होतं. मिक्सर मात्र आवाज होतो म्हणून लावायचा नाही असं पहिल्याच दिवशी सांगितलं. डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली तेव्हा परवानगी मिळाली, तीही दुपारची वेळ सोडून. इंडक्शन चालू असताना गीझर लावला की खटका पडायचा. मावसभाऊ वायरमन आहे. त्याने बघून सांगितलं की इंडक्शन २,००० वॅट, गीझर २,००० वॅट आणि दीड टनाचा एसी आणखी साधारण १,५०० वॅट घेतो. खोलीला १६ अँपिअरचा एमसीबी (भार वाढला की पडणारा खटका) आहे आणि तो ३,७०० वॅटच्या आसपासच पुरणार. म्हणजे इंडक्शन आणि गीझर एकत्र चालवायची सोयच नव्हती. बोर्ड बाहेर पॅसेजमधल्या कुलूपबंद कपाटात. रात्री खटका पडला की रिसेप्शनवरून माणूस येईपर्यंत अंधारात बसायचं.

त्याहून वाईट फ्रिजचं. दाराजवळच्या खाचेत की-कार्ड असेल तरच खोलीची वीज चालू, आणि फ्रिजही त्याच लाइनवर. आम्ही हॉस्पिटलला जाताना कार्ड काढलं की फ्रिज बंद. दुपारी परत यावं तर सकाळी करून ठेवलेलं कढण कोमट. ते बाबांना देणं शक्यच नव्हतं. सगळं ओतून द्यायचं आणि बाबा उपाशी असताना पुन्हा शिजवायला घ्यायचं. दुसरं कार्ड मागितलं तर एका खोलीला एकच मिळतं म्हणाले. शेवटी रात्रपाळीच्या मुलाने मॅनेजरशी भांडून दुसरं मिळवून दिलं.

लग्नसराई असल्याने शनिवार-रविवारी लॉनवर डीजे. एकदा रात्री साडेअकरापर्यंत चालला होता. खाली जाऊन विनवण्या केल्या, तर 'सीझन आहे मॅडम' हे उत्तर. खिडकी लावून बसावं तर ती एरवीही लावावीच लागे, कारण रात्री तळोजा एमआयडीसीच्या बाजूने केमिकलचा वास येतो. त्यात हॉटेलचा काही दोष नाही, खारघरकरांना तो ओळखीचा आहे.

आता पैशांचं. भाडं ठरल्याप्रमाणेच लावलं. पण निघताना बिलात 'सुविधा शुल्क' म्हणून दिवसाला ३५० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. त्यांच्या वेबसाइटवर बुकिंग करताना किंवा कन्फर्मेशनच्या मेलमध्ये याचा कुठेही उल्लेख नाही. शिवाय १०,००० रुपये डिपॉझिट ठेवून घेतलं, ओट्यावर जळल्याचा डाग आहे म्हणून. तो डाग आम्ही आत शिरलो तेव्हाच होता. पहिल्या दिवशी सामान ठेवायच्या आधी मी फोनवर सगळ्या खोलीचा व्हिडिओ घेतलाय, त्यात डाग स्पष्ट दिसतो. मॅनेजर म्हणतात, हेड ऑफिसला कळवतो. फोन केला की तेच उत्तर.

अशा वेळी नेमकं कुठे, कशा क्रमाने जायचं? आणि ॲक्ट्रेकच्या जवळपास मिक्सर, शेगडी, फ्रिज निर्धास्त वापरता येईल अशी जागा कुणाला माहीत आहे का? लिफ्ट हवी किंवा तळमजला. पुण्याहून भाऊ येऊन-जाऊन असतो, बाकी आम्ही दोघंच.

आगाऊ धन्यवाद.

– नाचणी


प्रतिसाद: सेक्टर बारा

ताई, बाबांना लवकर आराम पडो.

आधी हॉस्पिटलच्याच वैद्यकीय समाजसेवा विभागात जा. पेशंटच्या राहण्याची सोय कुठे होते, धर्मशाळा कोणत्या, कुठे जागा आहे हे त्यांना माहीत असतं. पेशंटची फाइल सोबत न्या. नळीतून अन्न चालू आहे आणि स्वयंपाकाची सोय हवी हे ठळकपणे सांगा. लहान मुलांसाठीच्या सोयी वेगळ्या असतात, त्या तुम्हाला लागू होणार नाहीत. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा कुणीतरी सुचवेल. ती परळच्या टाटाला जाणाऱ्यांसाठी फार मोठा आधार आहे, पण रोज दादरहून खारघर बाबांना झेपणार नाही.

दुसरा मार्ग म्हणजे खारघरमधल्या जुन्या गावांतल्या खोल्या: ओवे, मुर्बी, कोपरा. माझ्या काकूंच्या वेळी आम्ही ओव्यात तळमजल्याची खोली महिन्याच्या बोलीवर घेतली होती. मालक वरच राहायचे. मिक्सरच काय, जातं फिरवलं असतं तरी कुणी काही बोललं नसतं. मात्र पाण्याची वेळ आणि विजेचं मीटर स्वतंत्र आहे का ते आधी बघा. आमच्या वेळी मालकाच्याच मीटरवरून जोडलेला सबमीटर होता आणि युनिटचा दर मालक सांगतील तो. आधी ठरवून घेतलं की वाद होत नाहीत.

सोसायटीतला फ्लॅट दोन-तीन महिन्यांसाठी मिळणं अवघड आहे. मिळाला तरी एजंट महिन्याभराचं भाडं दलाली मागतो, पोलीस व्हेरिफिकेशन आणि सोसायटीची ना-हरकत वेगळी. त्यात तुमचे आठ-दहा दिवस जातील. बेलापूर ते पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३ पासून चालू आहे, त्यामुळे तळोज्याच्या बाजूला स्वस्तात बघा असं लोक सांगतील. निरोग्या माणसासाठी ते ठीक. स्टेशनपासून हॉस्पिटलपर्यंत पुन्हा रिक्षा करावी लागते आणि वासाचा त्रास तिकडे जास्त. मी तरी बाबांना तिकडे नेणार नाही.


प्रतिसाद: पावती जपणारा

नाचणीताई, तुमची बाजू भक्कम आहे. व्हिडिओची मूळ फाइल फोनमध्ये तशीच राहू द्या, व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रत पुरेशी समजू नका. पुढे प्रकरण ग्राहक आयोगापर्यंत गेलंच तर मूळ फाइल आणि तिच्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं (इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं) प्रमाणपत्र लागू शकतं.

फोन करणं आता बंद करा. हॉटेलच्या अधिकृत मेलवर लिहा, बुकिंग क्रमांक, बिल, व्हिडिओ जोडा आणि १५ दिवसांची मुदत द्या. सुविधा शुल्कासाठी एक वाक्य नक्की घाला: आधी न दाखवता शेवटी रक्कम वाढवणं याला 'ड्रिप प्रायसिंग' म्हणतात, आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयक (ऑनलाइन ग्राहकाला फसवणाऱ्या क्लृप्त्यांविषयीच्या) मार्गदर्शक तत्त्वांत ते निषिद्ध आहे. तुम्ही त्यांच्याच वेबसाइटवरून बुकिंग केलंय, त्यामुळे हा मुद्दा नेमका लागतो. जीएसटीचंही लेखी विचारा. दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के दर आहे. मग त्याच मुक्कामाच्या शुल्कावर वेगळा १८ टक्के कोणत्या आधारावर, हे त्यांना सांगू दे.

मुदतीत उत्तर आलं नाही तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. ते हॉटेलशी संपर्क साधून तडजोड घडवू बघतात आणि अशा रकमेची प्रकरणं बऱ्याचदा तिथेच मिटतात. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. यासाठी खारघरला खेटे घालायची गरज नाही. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगातही तक्रार करता येते, म्हणजे तुम्ही रत्नागिरीत करू शकता. तुम्ही दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असल्याने फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. ऑनलाइन करायचं तर ई-जागृती पोर्टल आहे. मुदत २ वर्षांची, त्यामुळे बाबांचे उपचार संपेपर्यंत हे डोक्यावर घेऊ नका. फक्त पहिला मेल आजच टाका. मसुदा हवा असेल तर मुंबई ग्राहक पंचायतीचे कार्यकर्ते मार्गदर्शन करतात.

डीजेबद्दल: उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धकाला २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी बंदी आहे. पुढे असं झालं तर रिसेप्शनशी वाद घालत बसू नका, सरळ ११२ ला फोन करा.


प्रतिसाद: आईची लेक

माझ्या आईला अशीच नळी होती, म्हणून फक्त खाण्यापुरतं लिहिते. हॉटेलातले छोटे बिनआवाजी फ्रिज बऱ्याचदा पुरेसे गार होत नाहीत, वीज चालू असली तरी. त्यांत शिजवलेलं अन्न ठेवायचं नाही. पुढची खोली बघताना कंप्रेसरचा साधा घरगुती फ्रिज आहे का तेच विचारा.

हॉस्पिटलच्या आहारतज्ज्ञांना भेटून नळीतून द्यायच्या पावडरबद्दल विचारा. आम्ही हॉस्पिटलच्या वेळेत पावडर आणि घरी कढण असं त्यांच्या सल्ल्याने वाटून घेतलं होतं. त्याने माझा जीव खूप हलका झाला. आणि प्रत्येक वेळी अन्नाच्या आधी आणि नंतर साधं पाणी सोडताय ना? औषधाच्या गोळ्याही एकत्र कुटू नका, एकेक वेगळी, मध्ये पाणी. आमची नळी बहुतेक वेळा गोळ्यांनीच तुंबायची. जी गोळी कुटून चालत नाही तिच्याऐवजी पातळ औषध मिळतं का, हे डॉक्टरांना विचारता येतं.

तुम्हीही वेळेवर जेवा.


प्रतिसाद: नाचणी

सगळ्यांचे मनापासून आभार. मेल टाकला, तिन्ही मुद्दे घातले. आज संध्याकाळी हॉटेलच्या अकाउंट्समधून पहिल्यांदाच लेखी उत्तर आलं: डागाचं 'तपासतो', सुविधा शुल्काबद्दल गप्प. १५ दिवस होऊ देते, मग १९१५.

समाजसेवा विभागातल्या ताईंनी नाव नोंदवून घेतलंय, सध्या जागा नाही, रिकामी झाली की कळवतील. आहारतज्ज्ञांची वेळ सोमवारची मिळाली. गोळ्यांचं कुणीच सांगितलं नव्हतं. आजपासून वेगवेगळ्या द्यायला लागले.

दरम्यान ओव्यात एक तळमजल्याची खोली कळलीय, उद्या रेडिएशन झालं की बाबांना घेऊनच बघायला जाते. मीटर स्वतंत्र आहे असं मालकीणबाई फोनवर म्हणाल्या, पाणी सकाळी दोन तास. फ्रिज नाही. खारघर, बेलापूर किंवा कामोठ्यात महिन्याच्या भाड्याने छोटा घरगुती फ्रिज देणारं कुणी माहीत असेल तर कृपया इथेच लिहा. टेम्पोचा खर्च आम्ही करू.