मदत हवी आहे: फ्रिजला हात लावला की झिणझिण्या, सॉकेटला अर्थिंगच नाही

बडोद्यात दांडिया बाजारात दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो, घर जुनं आहे. ओल्या हाताने फ्रिजच्या दांड्याला हात लागला की झिणझिण्या येतात, आई तर आता चपला घातल्याशिवाय फ्रिज उघडत नाही. मेन बंद करून, टेस्टरने बघून सॉकेट उघडलं तर वरच्या मोठ्या भोकाच्या, म्हणजे अर्थच्या टर्मिनलला वायरच नाहीये, फक्त फेज आणि न्यूट्रल. मल्टीमीटरवर फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास बरोबर येतंय. फ्रिज दुसऱ्या खोलीत लावून बघितला, तिथेही तेच. वायरमन म्हणतो न्यूट्रलमधूनच अर्थच्या पिनला लूप मारून देतो, पण मला ते अजिबात पटत नाही, मागे कुठे न्यूट्रल तुटला तर फ्रिजच्या अख्ख्या बॉडीवर २३० व्होल्ट येतील ना! घरमालक अर्थिंगच्या खड्ड्याला तयार आहेत पण पावसाळ्यानंतर, आणि भिंती फोडायच्या नाहीत. डीबीत (घरातल्या स्विचच्या मुख्य पेटीत) नुसते एमसीबी (ओव्हरलोड किंवा शॉर्टसर्किट झालं की पडणारे स्विच) आहेत, ते एवढ्याशा लीकेजला पडत नाहीत. तर तोपर्यंत ३० मिलिअँपची आरसीसीबी (करंट बाहेर गळाला की सप्लाय तोडणारा स्विच) बसवली तर अर्थिंग नसतानाही ती वेळेवर ट्रिप होईल ना, आणि नंतर खालच्या चौकातून अर्थची हिरवी वायर केसिंग-पट्टीतून वर आणायची तर ती किती एमएमची घ्यावी?