‘भागीदारी’, ‘सहभाग’ आणि ‘हरकती व सूचना’

साखरपेठकर:
शहराच्या विकास आराखड्याविषयी सामान्य माणसाने आपले म्हणणे कसे मांडावे, हे सांगणारी एक आठपानी पुस्तिका आमच्या पेठेतल्या काही जणांनी काढायचे ठरवले आहे. मूळ मजकूर हिंदीत आहे आणि तो मराठीत आणण्याचे काम माझ्याकडे आले. शीर्षकातली ‘जन भागीदारी’ मी ‘लोकांची भागीदारी’ अशी ठेवली आणि शनिवारी गच्चीवर कच्चा खर्डा सर्वांना वाचून दाखवला. शेजारच्या अण्णांच्या घरी तेलुगू बोलतात आणि त्यांची चाळीस वर्षे चादरीच्या यंत्रमागावर गेली आहेत. ते शांतपणे म्हणाले, “भागीदारी म्हणतेस, तर पैसे आम्ही किती घालायचे ते आधी सांग.” सगळे हसले, पण पुढचे वाचन तिथेच थांबले. ‘सहभाग’ लिहावे, तर स्नेहसंमेलनात ‘सहभागाबद्दल’ मिळणारे प्रमाणपत्र आठवते. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

होटगी रोड:
‘लोकसहभाग’ लिहावे. नकाशे काढण्यात माझी नोकरी गेली आणि कागदोपत्री हाच शब्द मी वाचत आलो. मात्र ‘आराखडा’ बोलण्यातला आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ यातला शब्द ‘विकास योजना’ असा आहे. प्रारूप योजना प्रसिद्ध झाली की कलम २६प्रमाणे लोकांकडून ‘हरकती व सूचना’ मागवतात. पुस्तिकेत ही जोडी जशीच्या तशी ठेवावी, कारण अर्जाच्या विषयातही लोकांना तेच लिहायचे आहे.

मोडीवाचक:
या जोडीतल्या ‘हरकती’विषयी थोडे सांगतो. मूळ अरबी शब्दाचा अर्थ ‘हालचाल’ असा आहे. उर्दू शिकणाऱ्यांना जेर-जबर या स्वरचिन्हांनाही ‘हरकत’ म्हणतात हे ठाऊक असेल. मराठीत येताना त्याचा अर्थ ‘आडकाठी’ झाला आणि हिंदी-दखनीत ‘आगळीक, चाळे’ असा झाला. आमच्या गल्लीत नोटीस लागली, तेव्हा दखनी बोलणाऱ्या एका मावशींनी “हरकती किसने किये?” असे विचारले होते आणि त्यांना समजावताना माझी पुरेवाट झाली होती.

शुद्धाग्रही:
म्हणूनच ‘आक्षेप व अभिप्राय’ असे स्वच्छ लिहावे. सावरकरांनी दिलेल्या ‘महापौर’ शब्दालाही लोक आधी हसले असतील. आज तो कोणाला अडखळायला लावत नाही.

मोडीवाचक:
‘महापौर’ हा शब्द एका पदाचे नाव म्हणून आला, त्यामुळे त्याला जागा मिळाली. ‘हरकत नाही’ मात्र आपण दिवसातून दहा वेळा म्हणतो. ‘आक्षेप नाही’ असे म्हणून कोणी चहाचा दुसरा कप घेत असेल, तर मला दाखवून द्यावे.

अक्कलकोटकर:
आमच्याकडे कन्नड बोलणारी माणसे ‘हरकत्तिल्ला’ म्हणतात, म्हणजे हा शब्द सीमेच्या दोन्ही बाजूंना मुरलेला आहे. गंमत अशी की पलीकडे कर्नाटकातल्या अशाच जाहीर नोटिशीत ‘आक्षेपणे’ आणि ‘सलहे’ ही जोडी असते. ‘सलहे’ म्हणजे आपल्या ‘सल्ल्या’चाच भाऊबंद. आपण हरकत अरबीतून घेतली आणि सूचना संस्कृतातून. त्यांनी आक्षेप संस्कृतातून घेतला आणि सल्ला अरबीतून. शुद्धाग्रहींनी आता कोणत्या गावी राहायला जायचे, ते ठरवावे!

शुद्धाग्रही:
विनोद मान्य आहे, मुद्दा मान्य नाही.

होटगी रोड:
माझी तक्रार ‘सूचना’ या शब्दाबद्दल आहे. मुख्याध्यापकांची ‘सूचना’ पाळायची असते, ‘सूचनाफलका’वर आपण केवळ वाचायचे असते, आणि नागरिकाची ‘सूचना’ म्हणजे नुसते सुचवणे. एकच शब्द वरून खाली आला की हुकूम होतो आणि खालून वर गेला की विनंती. त्यातच ‘आरक्षण’ हा शब्द लोक कसा वापरतात, तेही पाहावे. नकाशावर एखादा भूखंड बागेसाठी किंवा शाळेसाठी राखून ठेवला, की मालक ‘आरक्षण ठेवले’ असे कधी म्हणत नाही, तो म्हणतो, “आमच्या जागेवर आरक्षण पडले.” दरड पडावी, धाड पडावी, तसे. टेबलाशी उभे राहून नकाशावरच्या हिरव्या चौकोनावर बोट टेकवत हे वाक्य म्हणणारी किती माणसे पाहिली, त्याची गणती नाही. लोकांना ठरवण्यात घेतले असते, तर क्रियापद निराळे आले असते, असे मला वाटते.

मोडीवाचक:
इथे थोडा विरोध नोंदवतो. लग्नाची गाठही पडते आणि चांगला पायंडाही पडतो. ‘पडणे’ नेहमी आपत्तीचेच नसते.

अक्कलकोटकर:
मूळ प्रश्न मागे पडला आहे, इथेही ‘पडणे’ आलेच. शेरी अर्नस्टाईन या अमेरिकी अभ्यासक बाईंनी १९६९ साली नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तळाशी लोकांना नुसते खेळवणे, चौथ्या पायरीवर सल्लामसलत, सहाव्या पायरीवर भागीदारी आणि सर्वांत वर लोकांच्या हाती कारभार, असा तिचा चढ आहे. हरकती मागवणे फार तर चौथ्या पायरीवर बसेल. म्हणजे ‘सहभाग’ ही अख्खी शिडी झाली आणि ‘भागीदारी’ ही तिच्यातली एकच, बरीच वरची पायरी. अण्णांनी अर्थ अचूक पकडला होता: भागीदार पैसे घालतो, तोटा सोसतो, पण वही उघडून बघण्याचा हक्कही त्याचाच असतो.

शुद्धाग्रही:
मग पुस्तिका कोणत्या पायरीची आहे, ते आधी ठरवावे लागेल.

साखरपेठकर:
आत सगळी माहिती हरकतीचा अर्ज कसा लिहावा याचीच आहे, म्हणून ‘भागीदारी’ खोटी ठरते. आणि ‘लोकसहभाग’ लिहिला, तर अण्णा पुस्तिका उघडणार नाहीत. बुधवारी मजकूर छापखान्यात द्यायचा आहे. तोवर शीर्षकाची जागा मी मोकळी ठेवली आहे.

होटगी रोड:
मोकळी ठेवू नका; आरक्षण पडेल.